उचललेली पुंगळी, उडालेली पुंगळी

दुनळी बंदुकीचे दोन्ही बार निघून गेल्यावर तिच्या नळ्यांत दोन रिकाम्या पुंगळ्या उरतात. पुढचे बार किती लवकर भरता येतील, भरताना किती आवाज होईल, ऐन पावसाळ्यात बंदूक अडून बसेल की काय आणि बिघाड झालाच तर तो तालुक्याच्या गावी निघेल की त्यासाठी मोठ्या शहरातला कारागीर गाठावा लागेल, हे सारे त्या पुंगळ्या बाहेर काढण्याच्या व्यवस्थेवर ठरते. ही व्यवस्था दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात बंदूक उघडताच पुंगळ्या बोटांत धरता येतील इतक्या वर उचलल्या जातात. या योजनेला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. दुसऱ्या प्रकारात उडालेल्या बाराची पुंगळी उघडण्याच्या शेवटी झटक्यासरशी बाहेर फेकली जाते, आणि तिला इजेक्टर म्हणतात. इजेक्टरची बंदूक महाग, एक्स्ट्रॅक्टरची साधी, म्हणून पहिली चांगली आणि दुसरी गरिबाची, असा सरळ हिशेब बंदुकीच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला आहे. माळवा, निमाड, खानदेश किंवा कोकण येथील रानाच्या आणि हवामानाच्या कसोटीवर तो फारसा टिकत नाही.

काडतुसाची दुनळी ही बिजागरीवर मोडणारी बंदूक असते. दस्त्याच्या मानेवरची लोखंडी किल्ली अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या पुढे झुकतात आणि त्यांची मागची तोंडे उघडी पडतात. नळीचा मागचा किंचित रुंद भाग, ज्यात काडतूस बसते, त्याला चेंबर म्हणतात, आणि काडतुसाच्या बुडाची बाहेर आलेली धातूची कडा, म्हणजे रिम, चेंबरच्या तोंडाशी कोरलेल्या खाचेत टेकते म्हणून काडतूस आत घसरत नाही. बार झाला की आतल्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब ओसरल्यावर थोडी आकसते. परंतु तिची रिम नळीच्या तोंडाशी इतकी सपाट बसलेली असते की तिच्याखाली नख शिरायलाही जागा नसते. म्हणजे पुंगळी सैल असो वा घट्ट, तिला पहिला हात बंदुकीनेच द्यावा लागतो.

हा प्रश्न बंदुकीइतका जुना नाही. तो काडतुसाबरोबर आला, आणि त्यापूर्वीच्या काळात दुसरा बार लवकर मिळवण्याचा उपाय निराळाच होता. १६१७ साली बादशहा जहांगीर मांडूच्या किल्ल्यावर, म्हणजे आजच्या धार जिल्ह्यात, मुक्कामाला असताना नूरजहाँने हत्तीवरील अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याची नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात केली आहे. तोड्याच्या त्या काळच्या बंदुकीत दारू ओतणे, गोळी ठासणे, कानात रंजक घालणे आणि तोडा जुळवणे एवढे सोपस्कार करावे लागत. चार वाघ समोर असताना एका बंदुकीने सहा वेळा ते करणे कल्पनेपलीकडचे आहे. राजघराण्यांच्या शिकारीची रीत अशी होती, की भरलेल्या बंदुका जवळ तयार असत आणि रिकामी झालेली बंदूक घेऊन भरलेली हातात देणारी माणसे पाठीशी असत. बार भरण्याचा वेळ यंत्राने वाचवता येत नव्हता, तोवर तो माणसांनी वाचवला.

ठासणीच्या दुनळीने त्यात एवढीच भर घातली, की दोन बंदुका एका दस्त्यावर आल्या. निमाडात जमाबंदीच्या कामावर असलेला जेम्स फोर्सिथ हा इंग्रज अधिकारी याच काळातला. मध्य भारताच्या डोंगररानांवरील त्याचा ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी तो वारला. तो बंदुकांचाही जाणकार होता आणि शिकारी रायफलींवर त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्याच्या पिढीने ठासणीची बंदूक मावळताना आणि काडतुसाची बंदूक उगवताना पाहिली.

काडतुसाच्या बंदुकीचे पहिले यशस्वी रूप फ्रान्समधल्या लफोशो याने १८३० च्या दशकात दिले, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात ती पाहून इंग्रज कारागिरांनी तिचे अनुकरण सुरू केले. तिच्या काडतुसाच्या कडेतून एक छोटी पितळी खीळ बाहेर आलेली असे; घोडा तिच्यावर आपटला की आतली टोपी फुटून बार होई. या खिळीमुळे पुंगळी काढण्याचा प्रश्न आपोआप सुटला होता, कारण तीच चिमटीत धरून पुंगळी ओढता येत असे. १८६० च्या दशकात टोपी बुडाच्या मध्यभागी बसवलेले काडतूस रूढ झाले. ते अधिक सुरक्षित होते, त्याची वाहतूक सोपी होती, नळीचे तोंडही नीट बंद होत होते. पण त्याला धरण्याजोगे काहीच उरले नाही. एक्स्ट्रॅक्टर दुनळीचा कायमचा भाग झाला तो या गरजेतून. आजही चालते ते काडतूस याच घडणीचे आहे.

एक्स्ट्रॅक्टरची रचना इतकी साधी आहे की बंदूक उघडून पाहिली तर समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही नळ्यांच्या मागच्या तोंडांमध्ये, दोन्ही रिमांचा थोडा थोडा भाग ज्यावर टेकतो असा एकच पोलादी तुकडा बसवलेला असतो आणि त्याची दांडी नळ्यांच्या मधून पुढे बिजागरीपर्यंत गेलेली असते. नळ्या झुकू लागल्या की बिजागरीजवळचा कॅम, म्हणजे चढता उंचवटा, त्या दांडीला मागे रेटतो आणि तो तुकडा दोन्ही रिमांसकट अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास बाहेर येतो. नळ्यांचे लांब वजन इथे तरफेसारखे काम करते, म्हणून ही हालचाल मंद पण ताकदवान असते. काडतूस भरलेले आहे की उडालेले, हे या तुकड्याला कळत नाही. दोन्ही सारखीच वर येतात, आणि पुढचे काम बोटांनी करायचे असते.

इजेक्टरमध्ये हाच तुकडा उभा चिरून दोन स्वतंत्र अर्धे केलेले असतात, प्रत्येक नळीला एक. नळ्यांखालच्या पुढच्या लाकडात, नेमके डाव्या हाताच्या पकडीखाली, दोन छोट्या हातोड्या आणि त्यांच्या दोन कमानी लपवलेल्या असतात. चाप ओढला जाऊन ज्या नळीचा बार उडतो, त्या नळीच्या हातोडीला कळीच्या यंत्रणेतून तशी वर्दी मिळते. बंदूक उघडताना सुरुवातीचा भाग एक्स्ट्रॅक्टरसारखाच चालतो, म्हणजे पुंगळी हळू आणि जोराने सुटी केली जाते. नळ्या जवळजवळ पूर्ण झुकल्या की वर्दी मिळालेली हातोडी सुटते, आपल्या अर्ध्या तुकड्याच्या दांडीवर आपटते आणि पुंगळी खांद्यावरून मागे फेकली जाते. ज्या नळीचा बार उडालेला नाही तिचे काडतूस फक्त वर उचलले जाते. भरलेले आणि रिकामे यांतला हा भेद करता येणे हेच इजेक्टरचे खरे कौशल्य होय, कारण एक बार शिल्लक असताना दोन्ही काडतुसे उडून गवतात पडली तर ती यंत्रणा शिकाऱ्याच्या मुळावरच यायची.

असा भेद करणारी योजना बर्मिंगहॅमच्या जोसेफ नीडहॅमने १८७४ साली पेटंट केली. पुढच्याच वर्षी वेस्टली रिचर्ड्‌स कारखान्यातील अ‍ॅन्सन आणि डीली यांनी बाहेरचे घोडे काढून टाकून सारी कळ एका लोखंडी पेटीत बसवणारी बॉक्सलॉक रचना आणली, आणि नळ्या झुकवताच आतले घोडे आपोआप चढू लागले. बंदूक उघडण्याच्या एकाच हालचालीकडून इतकी कामे करून घेता येतात हे दिसल्यावर इजेक्टरच्या सुधारणांची रीघ लागली; त्यांपैकी टॉमस साउथगेटची योजना भाग कमी आणि भरवसा जास्त म्हणून सर्वाधिक पसरली. तिच्यात हातोडी आपल्या तोलाच्या बिंदूपलीकडे ढकलली गेली की कमान तिला स्वतःच झेप घ्यायला लावते. बंदूक मिटताना या कमानी पुन्हा दाबल्या जातात, म्हणून इजेक्टरची दुनळी मिटवायला हाताला थोडी जड लागते, आणि सवय नसलेला माणूस तिच्यात काही अडकले आहे असे समजून ती पुन्हा उघडून पाहतो.

या यंत्रणेची गरज निर्माण झाली ती इंग्लंडच्या पक्षीशिकारीत. तेथे हाका घालून तितर आणि फेझंट थव्याथव्यांनी बंदुकांच्या रांगेवरून उडवले जात, काही मिनिटांत शेकडो बार व्हायचे, आणि एका शिकाऱ्यामागे भरून देणारा माणूस व जोडीची दुसरी बंदूक असे. अशा ठिकाणी एक पुंगळी बोटांनी काढण्यात गेलेले दोन-तीन सेकंद म्हणजे निसटलेला एक थवा. जरा खोलवर पाहिले तर इजेक्टर म्हणजे भरून देणाऱ्या नोकराच्या कामातला एक तुकडा पुढच्या लाकडात बसवणे होय. यातली विसंगती अशी, की ज्यांच्यामागे नोकर उभा होता त्यांनीच ती बंदूक आधी विकत घेतली, आणि जो एकटा रानात जात होता त्याला ती परवडली नाही.

हिंदुस्थानी संस्थानांत ही विसंगती आणखी ठळक होते. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी शिवपुरीच्या रानात व्हाइसरॉयांसाठी वाघांच्या शिकारी घडवल्या. कोल्हापूरकरांचे राखीव रान दाजीपूरला होते, जेथे पुढे १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. धार आणि देवास ही पवारांची मराठी घराणी तर विंध्याच्या काठावरच नांदत होती. देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि दुसरे शहाजी छत्रपती झाले; त्यांच्या नावाने कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात जे संग्रहालय आहे, त्यातील शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहताना माळव्यातल्या आणि सह्याद्रीतल्या शिकारीचे दोन प्रवाह एका छताखाली आलेले दिसतात. या घराण्यांकडे विलायतेच्या नामवंत कारखान्यांच्या बंदुका येत आणि त्या बहुधा इजेक्टरच्याच असत, कारण राजाची बंदूक कारखान्याच्या यादीतली सर्वांत वरची असायची. मुंबईत काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही सोसायटीचे भांडार होते आणि बंदुका-काडतुसे हा त्या दुकानाच्या यादीतला नित्याचा माल होता.

संस्थानी वाघाच्या शिकारीत मात्र इजेक्टरला फारसे काम नसे. हाकेकरी रान उठवत, वाघ ठरलेल्या नाल्यातून मचाणाखाली येई, एक बार होई, फार तर दुसरा. त्यानंतर वाघ पडलेला असे किंवा झाडीत शिरलेला. तिसरा बार लागलाच तर शेजारी बसलेला माणूस दुसरी रायफल पुढे करी. उलट मचाणावर रात्र काढणाऱ्याला इजेक्टर सरळसरळ अडचणीचा ठरतो, कारण पितळी पुंगळी उडताना टणत्कार होतो, ती खाली दगडावर पडली तर तो दुप्पट होतो, आणि जखमी जनावराला बार कोठून आला याचा जो संशय असतो तो फिटतो. एक्स्ट्रॅक्टरच्या बंदुकीत हीच पुंगळी बोटांत धरून खिशात ठेवता येते आणि बंदूक कुजबुजीइतक्या आवाजात पुन्हा भरता येते. ज्यांना हा आवाज टाळायचा असे ते इजेक्टरच्या बंदुकीतही पुंगळ्यांवर तळहात ठेवून बंदूक हळू उघडत. पण महाग यंत्रणा घ्यायची आणि तिला हाताने अडवायचे, याला व्यवहार म्हणता येत नाही.

इजेक्टरची बाजू बळकट होते ती जखमी जनावराच्या मागावर पायी जाताना. दोन्ही बार गेले आहेत, जनावर झाडीतून वळले आहे आणि नजर त्याच्यावरून हलवायची सोय नाही, अशा वेळी उजवा हात खिशातल्या दोन काडतुसांकडे जात असतानाच पुंगळ्या आपोआप बाहेर पडणे याची किंमत पैशांत होत नाही. बोटांनी पुंगळ्या काढायच्या म्हणजे मान खाली घालणे आले, किंवा निदान बोटांना रिम चाचपावी लागणे आले. दुनळी रायफल वापरणारे अनुभवी शिकारी याच एका कारणासाठी इजेक्टरचा आग्रह धरत, आणि तो रास्त होता. मात्र अशा प्रसंगी जनावर बहुधा पाचपन्नास पावलांच्या आत असते, आणि त्याने झेप घेतलीच तर तिसऱ्या बाराला वेळ कोणत्याच यंत्रणेने मिळत नाही. त्या माणसाचे आयुष्य पहिल्या दोन बारांवरच अवलंबून असते.

हिंदुस्थानातील रायफलींच्या बाबतीत आणखी एक अडचण होती, ती उन्हाची. त्या काळातील कॉर्डाइट ही धूरविरहित दारू उष्णतेला हळवी होती. इंग्लंडच्या थंडीत ठीक चालणारा भरणा निमाडच्या वैशाखात जादा दाब निर्माण करी, पुंगळी चेंबरला घट्ट बसे आणि बंदूक उघडेना. बोल्टच्या रायफलीत बोल्टचा दांडा उचलताना पुंगळीला मोठा यांत्रिक जोर मिळतो. दुनळीत तो मर्यादित असतो. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी कारखाने दारू थोडी कमी भरत, आणि मोठ्या जनावरांसाठीच्या दुनळी रायफलींची काडतुसे मुद्दाम मोठ्या पोटाची पण कमी दाबाची ठेवत. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या रायफली हिंदुस्थानात आणण्यावर बंदी घातली, कारण त्यांची गोळी जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडेल आणि ती सरकारविरोधकांच्या हाती जाईल अशी भीती होती. या बंदीमुळे .४६५, .४७० यांसारखी नवी मापे रूढ झाली. .४७० ची ५०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५५ मीटर वेगाने निघते, आणि तरीही पुंगळी बोटांनी सहज निघते, याचे श्रेय या कमी दाबाला आहे. पुंगळी घट्ट बसली असेल तर इजेक्टर अधिक जोराने ती काढील ही समजूत चुकीची आहे. सुटी करण्याचे काम दोन्ही यंत्रणांत तोच कॅम करतो, आणि तो अपुरा पडला तर हातोडीचा फटका झिजलेल्या तुकड्याला रिमवरून घसरवतो. मग पुंगळी चेंबरमध्ये, तुकडा तिच्या मागे, आणि तोंडातून गज घालून ठोकल्याखेरीज बंदूक मोकळी होत नाही.

छर्‍याच्या बाराबोर बंदुकीला उन्हापेक्षा पाऊस जाचक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकची काडतुसे येईपर्यंत पुंगळ्या कागदी असत, आणि मृगाच्या पहिल्या सरीनंतर कोकणात किंवा नर्मदाकाठी कागद ओल धरून फुगे. फुगलेले काडतूस आत जाताना अडते आणि बार झाल्यावर निघताना त्याहून अधिक अडते. कधी पितळी बूड हाती येते आणि कागदी नळी चेंबरमध्येच राहते. अशा ओढाताणीत एक्स्ट्रॅक्टरचा एकसंध, जाड तुकडा चिरलेल्या दोन अर्ध्यांपेक्षा अधिक तग धरतो. आता देशी काडतुसांत पुण्याजवळच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या खडकी दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे सर्वत्र ओळखीची आहेत, आणि ती ६५ तसेच ७० मिलिमीटर लांबीत मिळतात. ही लांबी उडाल्यानंतरच्या पूर्ण उलगडलेल्या पुंगळीची असते. म्हणून ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ च्या जुन्या विलायती चेंबरमध्ये भरताना अगदी नीट बसते, आणि खरा घोटाळा बार होताना होतो: उलगडणारे तोंड नळीच्या अरुंद भागात शिरते, दाब वाढतो आणि पुंगळी निघायला जड जाते. ज्या जुन्या दुनळीत पुंगळ्या नव्याने अडू लागल्या आहेत, तिच्या यंत्रणेला दोष देण्यापूर्वी काडतुसाच्या डबीवरची लांबी आणि नळीवर कोरलेली लांबी ताडून पाहिली तर बरेचदा कारण तेथेच सापडते.

नर्मदाकाठच्या निसरपूरसारख्या गावात आज हा प्रश्न शिकारीचा राहिलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे दार बंद केले. शेतीला उपद्रव करणाऱ्या जनावरांबाबत अधिकाऱ्याच्या परवानगीने होणारी कारवाई ही वेगळी, मोजकी आणि कागदपत्रांनी बांधलेली गोष्ट आहे. महाराष्ट्रात २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत तशी वाट काढण्यात आली. निसरपूर हे धार जिल्ह्याच्या कुक्षी तहसिलीतले नर्मदेच्या खोऱ्यातील गाव. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवराची पातळी प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि जुनी वस्ती फुगवट्याच्या पाण्याखाली गेली. पाणी इतके जवळ आलेल्या मुलखात घरात पेटीत पडून राहिलेल्या दुनळीचा खरा शत्रू गंज असतो, आणि तो प्रथम तेथे धरतो जेथे तेलाचा बोळा पोचत नाही. एक्स्ट्रॅक्टरच्या बंदुकीत अशी जागा जवळजवळ नाही. पुढचे लाकूड काढले की आतले सारे दिसते आणि पुसता येते. इजेक्टरच्या बंदुकीत हातोड्या आणि कमानी लाकडाखालच्या लोखंडी चौकटीत दडलेल्या असतात, जुने तेल तेथे चिकट होऊन गोंदासारखे धरते, आणि हातोडी सुटण्याऐवजी सरकते. घरचा माणूस ती चौकट खोलायला गेला तर कमान उसळून भाग हरवण्याची भीती असते, आणि हातोड्या सुटलेल्या अवस्थेत राहिल्या तर लाकूड पुन्हा बसतच नाही; त्या दाबून चढवल्या की बसते, पण हे ठाऊक नसलेला माणूस हातोडा हाती घेतो आणि लाकूड चिरते.

कायद्याच्या बाजूनेही साध्या यंत्रणेला झुकते माप मिळते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळ्यांची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीसाठी, असे परवान्याचे वर्ग आखलेले आहेत. परवान्यावर दुनळीचे नाव डी.बी.बी.एल., म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, एवढेच लिहिले जाते. ती पुंगळी उचलते की उडवते, याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. मात्र विकत घेतलेली काडतुसे परवान्यावर नोंदली जातात, आणि ज्याला त्यांचा हिशेब ठेवायचा आहे त्याला पुंगळ्या उसाच्या फडात शोधत बसण्यापेक्षा खिशात पडलेल्या बऱ्या. पूर्वी पुंगळ्या जपण्याचे कारण आणखी रोखठोक होते: पितळी पुंगळ्या पुन्हा टोपी, दारू आणि छर्रा घालून भरल्या जात, आणि दूरच्या ठाण्यावरच्या शिकाऱ्याला हे भरण्याचे साहित्य बंदुकीइतकेच आवश्यक असे.

एका क्षेत्रात मात्र वाद उरलेला नाही. मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीत, म्हणजे ट्रॅप आणि स्कीट प्रकारांत, एकावर एक नळ्या असलेली बंदूक वापरली जाते आणि ती जवळजवळ नेहमी इजेक्टरची असते. यात घाईपेक्षा भूमितीचा भाग मोठा आहे. खालच्या नळीचे तोंड उघडे पडण्यासाठी अशा बंदुकीला बाजूबाजूच्या नळ्यांच्या दुनळीपेक्षा जास्त मोडावे लागते, आणि खोल बसलेली खालची पुंगळी बोटांनी काढणे अवघड जाते. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्समध्ये डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवल्यानंतर देशात या खेळाकडे लक्ष गेले, आणि भोपाळच्या राज्य नेमबाजी प्रबोधिनीत माळव्या-निमाडातली मुलेही येऊ लागली. तेथे दिवसभरात जितके बार होतात तितके गावातल्या बंदुकीच्या उभ्या आयुष्यात होत नाहीत. अशा वापरात इजेक्टरची किंमत वसूल होते आणि त्याच्या देखभालीला माणूसही हाताशी असतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून विदेशी बंदुकांची खासगी आयात बंद झाली, त्यामुळे बाजारात खरेदीला मिळतात त्या एक तर मुंगेरसारख्या ठिकाणच्या देशी कारखान्यांच्या दुनळ्या, ज्या बहुधा एक्स्ट्रॅक्टरच्या असतात, किंवा कोण्या घराण्याकडून उतरलेल्या जुन्या विलायती. दुसऱ्या प्रकारात इजेक्टर असेल तर त्याची परीक्षा दुकानातच, खऱ्या काडतुसांशिवाय करता येते. दोन नकली काडतुसे, म्हणजे ज्यांच्या बुडाशी टोपीच्या जागी कमान किंवा रबर असते अशी, दोन्ही नळ्यांत घालावीत, दोन्ही चाप ओढावेत आणि बंदूक एका सलग हालचालीत उघडावी. दोन्ही एकाच वेळी उडून जवळजवळ एकाच ठिकाणी पडली, तर कमानी सारख्या ताकदीच्या आहेत. एक लांब आणि एक पायाशी पडले तर एक कमान थकलेली आहे. एखादे मागच्या लोखंडी तोंडावर आपटून परत चेंबरवर पडले तर हातोडी वेळेआधी सुटते आहे. त्यानंतर फक्त उजवा चाप ओढून पाहावे: उजवे उडाले पाहिजे आणि डावे नुसते वर आले पाहिजे, आणि मग उलट. दोन्ही उडत असतील तर भेद करणारी कळ झिजली आहे, आणि अशी बंदूक एक्स्ट्रॅक्टरच्या साध्या बंदुकीपेक्षा वाईट, कारण ती मालकाचे भरलेले काडतूसही फेकून देते.

या परीक्षेत नापास झालेली बंदूक टाकाऊ ठरत नाही. चांगला कारागीर पुढच्या लाकडातील हातोड्या आणि कमानी काढून ठेवतो, कॅम आणि दोन्ही अर्धे तुकडे आपले काम करत राहतात, आणि बंदूक साध्या एक्स्ट्रॅक्टरसारखी पुंगळ्या उचलू लागते. किंमत उतरते, नामवंत कारखान्याच्या बंदुकीची तर पुष्कळच उतरते, म्हणून काढलेले भाग तेलाच्या कापडात गुंडाळून बंदुकीच्या पेटीतच ठेवावेत आणि विकताना ते दाखवावेत. याच्या उलट, एक्स्ट्रॅक्टरच्या दुनळीला नंतर इजेक्टर बसवायचा तर तुकडा चिरणे, कळीतून वर्दी देणारी कांडी काढणे आणि पुढचे लोखंड नव्याने घडवणे हे काम इतके मोठे होते की त्या खर्चात दुसरी बंदूक येते.